काळी एक: गायन वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

सेकंड इयरला को-करिक्युलरचे दोन क्रेडिट घ्यायचेच असतात. योगा पहिल्याच दिवशी फुल झाला, एनएसएसवाल्यांना रविवारी पण बोलावतात, उरलं गायन. अट अशी की प्रात्यक्षिक परीक्षेसोबत एक छोटा प्रकल्प आणि त्याच्या तारखेनिशी नोंदी द्यायच्या. बाकीच्यांनी अभंग, नाट्यसंगीत असे विषय घेतले, मी फिजिक्सचा, म्हटलं आपण आपलाच आवाज मोजू. भूप रागातले पाच स्वर (सा रे ग प ध) मी कुठे लावतो, कुठे लागायला पाहिजेत आणि सेमिस्टरभरात काही फरक पडतो का. डिपार्टमेंटचे सर म्हणाले आकडे असतील तर मी पण सही करतो.

याआधीचा अनुभव म्हणजे गॅदरिंगला कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं राहणे, एवढाच.

आज फक्त पट्टी ठरवली, म्हणजे कोणाचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर. मॅडमनी एकेकाला पेटीजवळ बसवलं, नाव-गाव विचारलं, आणि आपण बोलत असतानाच त्या पेटीवर बोट ठेवून बघत होत्या की बोलण्याचा आवाज साधारण कुठे पडतोय. मग आरामात जाता येईल तेवढं खाली नेलं, मग वर. मुलं बहुतेक काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) नाहीतर पांढरी दोन, मुली काळी चार, काळी पाच. एकाला उंच पट्टी पाहिजे होती कारण त्याची आवडती सगळी गाणी वरची आहेत, त्याला मॅडम म्हणाल्या, "आधी मंद्रातला पंचम लागतोय का बघ, मग वरचं बोलू." नाही लागला, म्हणजे खालच्या सप्तकातला प.

मी काळी एक. म्हणजे सा १३८.६ हर्ट्झ. स्वरतंतू सेकंदाला जवळजवळ १३९ वेळा उघडझाप करणार. काळी चारच्या मुलींचे त्याच सा साठी २०८ वेळा. एका वर्गात दोन पट्ट्या असल्यामुळे आधी मुली मग मुलं असं आलटून पालटून गावं लागतं, म्हणजे अर्धा तास नुसतं ऐकण्यात जातो. वेळ वाया जातोय असं वाटलं.

१७ जुलै

सेटअप. लॅपटॉपवर प्राट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी उच्चारशास्त्रासाठी बनवलेलं आहे, फुकट आहे, आवाज दिला की सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला त्याची कंपनसंख्या काढून आलेख देतं. रेंज ७५ ते ३०० हर्ट्झ ठेवली कारण जास्त ठेवली की मधेच दुप्पट आकडा पकडतं आणि आलेखात मी अचानक एक सप्तक वर उडी मारलेली दिसते, जी मी मारलेली नसते.

तंबोरा स्पीकरवर लावून रेकॉर्ड केलं तर प्राट माझ्याऐवजी तंबोराच मोजत बसतं. म्हणून मोबाईलमधला तंबोरा इअरफोनने एकाच कानात, दुसरा कान मोकळा. दोन्ही कान बंद केले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो आणि बाहेर काय जातंय ते कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज परका आणि पातळ वाटतो त्याचं पण कारण हेच, रोज आपण तो अर्धा कवटीतून ऐकत असतो, तो खालचा भरीव भाग माईकला मिळतच नाही.

आकडे हर्ट्झमध्ये न ठेवता सेंटमध्ये ठेवणार. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट, पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. सूत्र सोपं आहे, माझा स्वर भागिले सा, त्याचा बेस २ चा लॉग, गुणिले १२००. एक्सेलमध्ये एकदा टाकलं की झालं.

२४ जुलै

पहिलं खरं रेकॉर्डिंग. फक्त सा, आ-कारात, लांब.

मला वाटलं होतं सा तरी सरळ येईल. आलेखात दिसतंय की प्रत्येक सा मी साठ-सत्तर सेंट खालून सुरू करतो आणि अर्धा सेकंद वर घसरत घसरत जागेवर येतो. पोचल्यावर बऱ्यापैकी राहतो, पण पोचायला वेळ. वर्गात मॅडम हेच सांगत होत्या, "सूर शोधत येऊ नका, आधी आत ऐका, मग तोंड उघडा", आणि मी मनात म्हणत होतो मी कुठे शोधतोय. प्रिंट काढून दाखवली तर त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाल्या, "हे मला न बघता पण माहिती आहे रे, पण बरं झालं, आता तुला पटेल."

उपाय म्हणून त्यांनी सांगितलेलं: तंबोरा लावून दोन-तीन आवर्तनं गप्प बसायचं. मग तोंड मिटून म्-कारात सा. मग तोच तोंड उघडून आ. जबडा आवळायचा नाही, जीभ मागे ओढायची नाही, मान ताणायची नाही. शेवटचं अवघड आहे कारण वरचा स्वर आला की मान आपोआप वर जाते, जणू पंचम छताला टांगलाय.

२९ जुलै

नागपंचमी. सुट्टी. रियाज नाही. होस्टेलवर तसा पण प्रश्नच आहे, रूमपार्टनर सकाळी आठपर्यंत झोपतो, टेरेसला कुलूप असतं. सध्या दोन जागा, पार्किंगच्या मागची भिंत आणि गाडीवर हेल्मेटच्या आत. हेल्मेटमध्ये खर्ज (खालचे सूर) छान घुमतो, फक्त सिग्नलला थांबल्यावर शेजारचा बघतो.

४ ऑगस्ट

दमसास. आज पूर्ण तास श्वासावर. श्वास घेताना माझे खांदे वर जातात हे मॅडमनी आरशात दाखवलं. खांदे नाही, खालच्या बरगड्या बाजूला जायला पाहिजेत, दोन्ही हात कमरेच्या वर ठेवून बघायचं. मग तीनतालाच्या एका आवर्तनभर सा धरायचा, सोळा मात्रा, तबलेवाले काका मुद्दाम विलंबित ठेवत होते आणि हसत होते. बाराव्या मात्रेला माझा टिकाव संपतो.

इथे प्रकल्पाचा खरा उपयोग झाला. मी घरी आरोह-अवरोह रेकॉर्ड केला, सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा, आणि जाताना-येताना वेगवेगळे आकडे काढले. जाताना स्वर इकडे-तिकडे आहेत पण सरासरी ठीक. येताना प्रत्येक स्वर जातानाच्या त्याच स्वरापेक्षा खाली, आणि जितकं खाली येऊ तितका फरक मोठा, शेवटचा सा तर ४० सेंट उतरलेला. उतरताना सूर उतरतो ही गाणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे म्हणे. मी कारण शोधलं तर सरळ आहे: स्वरतंतूंची कंपनं तंतूंच्या ताणावर अवलंबून असतात तशी खालून येणाऱ्या हवेच्या दाबावर पण, दाब कमी झाला की स्वर खाली जातो. आणि मी अवरोह कायम संपत आलेल्या श्वासावर म्हणतो, कारण वर जाण्यातच सगळी हवा खर्च केलेली असते.

वरच्या सां ला श्वास घेऊन परत म्हटलं. शेवटचा सा फक्त १५ सेंट खाली. एवढा मोठा फरक एका श्वासाने पडेल असं वाटलं नव्हतं. मात्र उरलेले १५ श्वासाच्या खात्यावर टाकता येत नाहीत, ते कानाचे.

११ ऑगस्ट

तार सा ला (वरच्या सप्तकातल्या सा ला) आवाज फुटतो. २७७ हर्ट्झ. त्याच्या खाली छातीतला आवाज, त्याच्या वर एकदम बारीक पोकळ आवाज, आणि मधे एक पायरीच नाही. मॅडम म्हणाल्या जोर लावून तिथे जायचं नाही, हळू आवाजात जायचं, फुटला तर फुटू दे. तंतू जाड राहून जोरात आपटण्याऐवजी ताणले जाऊन पातळ व्हायला पाहिजेत, आणि तो बदल करणारे स्नायू बारीक आहेत, ते सवयीने तयार होतात, रेटून नाही.

वाचता वाचता सापडलं. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना हलताना पहिल्यांदा नीट बघितले ते मॅन्युएल गार्सिया या माणसाने, १८५४ साली पॅरिसमध्ये, दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून, स्वतःच्याच घशात. आजचे घशाचे डॉक्टर जे करतात त्याची ही सुरुवात. आणि हा माणूस डॉक्टर नव्हताच, गाणं शिकवणारा मास्तर होता. हे मी वर्गात सांगितलं तर मॅडमना भयंकर आवडलं, त्यांनी पुढच्या बॅचला पण सांगितलं, फक्त गार्सियाचं गर्सोळे झालं होतं.

१८ ऑगस्ट

भूपाचे पलटे, म्हणजे स्वरांचे छोटे गट चढत्या क्रमाने. सारेग, रेगप, गपध, पधसां. वाटायला सोपं आहे, पाचच स्वर, मध्यम-निषाद (म, नि) नाहीत, म्हणून तर नवशिक्यांना भूप देतात. पण ग वरून प वर जाताना मधे म ची एक चोरटी पायरी माझ्याकडून पडतेच, आलेखात ती चक्क दिसते, ग संपला की रेषा थोडा वेळ पाचशे सेंटच्या आसपास रेंगाळते मग प ला जाते. आयुष्यभर सातही स्वरांची गाणी ऐकलीयत त्यामुळे कानाला रिकामी जागा सहन होत नाही असा माझा अंदाज.

कॉमर्सची एक मुलगी आहे, आजी भजनी मंडळात, तिला एकदाही म लागत नाही. तिला विचारलं कसं करतेस तर म्हणाली, "करत काहीच नाही, ग झाला की प च आठवतो." थँक्यू.

एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. मुली गात असताना जो अर्धा तास नुसता बसून जातो त्यात मला इतरांचा कणसूर (जरासा चुकलेला सूर) ओळखायला यायला लागलाय. स्वतःचा अजून नाही. पण दुसऱ्याचा रिषभ (रे) जरा चढला की कपाळावर आठी येते, मग दोन मिनिटांनी मी तोच रिषभ तसाच चढा लावतो.

१ सप्टेंबर

गणपतीत घरी होतो. आमच्या सांगलीत संस्थानचा गणपती पाच दिवसांचा, काल विसर्जन झालं. अपार्टमेंटच्या आरत्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, प्रकल्पात नाहीत पण राहवलं नाही. पहिली आरती कोणीतरी काकू सुरू करतात, त्यांना जी पट्टी आठवेल ती. शेवटाकडे टाळ्यांची लय वाढत जाते आणि तिच्याबरोबर पट्टी पण, मोजली तर सुरुवातीपेक्षा शेवट पावणेदोनशे सेंटने वर, म्हणजे जवळजवळ दोन पट्ट्या. कोणाच्याही लक्षात येत नाही कारण सगळे मिळून चढतात. मला वर्गात एकट्याला उतरायला होतं आणि इथे चाळीस लोक बिनदिक्कत चढतायत. पेटी नाही, तंबोरा नाही, टाळ आणि झांज, सा धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं.

दहा दिवस ओरडून ओरडून वर्गातल्या निम्म्या मुलांचे घसे बसणार आहेत. मॅडमचा नियम आहे, घसा बसला की कुजबुजायचं पण नाही, गप्प बसायचं, पाणी प्यायचं, वाफ घ्यायची.

१५ सप्टेंबर

भांडण. माझं आणि मॅडमचं म्हणजे माझ्या ॲपचं आणि मॅडमचं.

गेले काही आठवडे मी मोबाईलवर ते सूर दाखवणारं ॲप वापरतोय, काटा मधे आला की हिरवं. गंधार (ग) हिरवा यायला लागला होता. आज मॅडमनी पेटी बंद करून नुसत्या तंबोऱ्यावर एकेकाला ग लावायला सांगितला, मी लावला, त्या म्हणाल्या, "चढतोय." मी थोडा खाली घेतला. "अजून." अजून खाली घेतला. "हां, इथे." मी ॲप बघितलं, लाल. म्हटलं मॅडम हा खाली आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलला गंधार माहितीच नाही."

संध्याकाळी बसून हिशोब केला आणि गंमत अशी की त्यांचंच बरोबर आहे. पेटी आणि ॲप दोन्ही सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात, त्यात शुद्ध ग येतो ४०० सेंटवर. पण तंबोऱ्याशी जुळणारा ग म्हणजे सा च्या सव्वापट, पाचास चार हे गुणोत्तर, ते होतं ३८६ सेंट. माझ्या पट्टीत पेटीचा ग १७४.६ हर्ट्झ, जुळणारा १७३.२५. दीड हर्ट्झचा पण फरक नाही, तरी मॅडमना तीन मीटरवरून ऐकू येतो. पंचमात हा घोळ नाही, तिथे ७०० आणि ७०२, कोणाला कळणार नाही. धैवतात (ध) मात्र परत तेच, पेटीचा ९००, आणि पाचास तीनचा धरला तर ८८४. म्हणजे भूपात जो वादी (मुख्य स्वर) आणि जो संवादी (त्याच्या खालोखालचा), ग आणि ध, नेमके त्याच दोन ठिकाणी पेटी सगळ्यात जास्त सरकते.

पेटीवाल्या काकांना हे सांगितलं तर ते वैतागले. त्यांचं म्हणणं, आम्ही चाळीस वर्षं साथ करतोय, मोठमोठ्या बुवांना कधी अडचण आली नाही. तेही खरंच आहे. पण ही तक्रार आजची नाही, १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं होती, कारणांत हे पण एक. आणि त्याच्याही आधी आमच्याच गावात कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तपासून बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मापं काढली आणि १९१० साली छापली. ना लॅपटॉप ना प्राट. मी ज्याला नवीन प्रकल्प म्हणत होतो तो सांगलीत शंभरावर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. सरांना सांगितलं, ते म्हणाले मग संदर्भ म्हणून टाक.

सरांचा मुद्दा वेगळा आणि जास्त टोचणारा. "तुझा स्वर मुळातच वीस सेंट इकडे-तिकडे हलतोय, त्यात चौदा सेंटचा फरक तू कुठून दाखवणार?" एका रेकॉर्डिंगमध्ये नाहीच दिसणार. बरीच घेऊन सरासरी काढावी लागणार. पेटीबरोबर वेगळी, तंबोऱ्याबरोबर वेगळी.

२७ सप्टेंबर, शनिवार

मिरज. मॅडमनी ओळखीच्या एका कारागिराकडे पाठवलं, सतारमेकर गल्लीत. वर्गातले जमतील तेवढे गेलो. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी, दीडशेहून जास्त वर्षं वाद्यं करतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली, वर दोरीला भोपळे टांगलेले, सुकलेले, काही माणसाच्या डोक्यापेक्षा खूप मोठे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कॉमर्सच्या मुलीने एकाला हात लावला तर कारागीर चाचा म्हणाले, "हळू, अजून कच्चा आहे."

आम्हाला जवारी लावताना बघायची होती. चाचांनी एक जुना पुरुषी तंबोरा घेतला, जवारी गेलेला, म्हणजे तार छेडली की नुसता टणक आवाज, लगेच मरणारा. घोडीचा (जिच्यावर तारा टेकतात तिचा) वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण तो अगदी किंचित बाकदार असतो, तार त्याच्यावर एका जागी न टेकता थोडं अंतर घासत जाते, त्यातूनच तो गुंजणारा आवाज. वर्षानुवर्षं तारेने तिथे खाच पडते. चाचांनी तारा सैल केल्या, बाजूला सारल्या, कानशीने घोडी घासली, तीन-चार हात, फुंकर, परत तार वर, छेडली, मान हलवली, परत सैल. हे कितीतरी वेळ. आम्ही बघतोय, ते आमच्याकडे बघत पण नाहीत, घोडीकडेही फारसं बघत नाहीत, कान वाद्याकडे करून भिंतीकडे बघतायत.

मग सुती दोऱ्याचा तुकडा काढला, तारेखाली घोडीवर सरकवला. खर्जाची तार (सगळ्यात खालच्या सा ची) छेडत राहिले आणि दोरा नखाने केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आवाज एकदम उघडला. मला त्याशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. चाचा म्हणाले, "आता ऐका, यात काय बोलतंय." मी म्हटलं सा. "तो तर आहेच. वर ऐका." काहीच ऐकू येईना. मग त्यांनी तार छेडून आपण स्वतः अगदी हळू, जवळजवळ गुणगुणत, ग लावला आणि थांबले, आणि ते थांबल्यावर तोच ग तारेतून येत राहिला.

पुस्तकात हे मला पाठ होतं. खर्जाची तार ६९.३ हर्ट्झ, तिचा पाचवा हार्मोनिक (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर) ३४६.५, तो बरोबर वरच्या सप्तकातला ग. गाणारे याला स्वयंभू गंधार म्हणतात. पण फर्स्ट इयरला मोनोकॉर्डवर (प्रयोगशाळेतलं एकतारी यंत्र) हार्मोनिक्स शिकलो, जर्नल लिहिलं, मार्क घेतले, आणि हा स्वर कधी कानाने ऐकला नव्हता. एकदा ऐकू आल्यावर मग तो बंदच होईना, नुसता ग च ग.

तिथेच मी हळू आवाजात ग लावून बघितला. जरा चढा लावला की एक थरथर येते, सेकंदाला दोन-तीन लाटा, हे पण गणितात बसतं, पेटीच्या गंधाराचा दुसरा हार्मोनिक ३४९.२, तारेचा ३४६.५, वजाबाकी २.७. खाली आणत गेलो की लाटा मंद होतात आणि एका जागी थांबतात. काटा बघायची गरजच नाही, सूर जुळला की थरथर संपते. मॅडमना तीन मीटरवरून जे ऐकू येतं ते बहुतेक हेच.

तंबोऱ्याची किंमत विचारली. मग चहा घेऊन परत आलो.

२९ सप्टेंबर

ॲप काढून टाकलं. त्याचा ग चुकीचा आहे म्हणून नाही, त्यात गुणोत्तराचं सेटिंग पण असतं, मी ते बदलून वापरू शकलो असतो. पण काट्याकडे बघत गायलो की मी ऐकत नाही, काटा डावीकडे गेला की गळा वर करतो, एवढंच. गेले दोन महिने माझा गळा तयार झाला, डोळा तयार झाला, कान होता तिथेच. मोजणं आता गाऊन झाल्यावर, गाताना नाही.

मोबाईलमधल्या तंबोऱ्यात स्वयंभू गंधार छोट्या स्पीकरवर नीट येत नाही, खर्जाची तार पोचतच नाही. वर्गातला खरा तंबोरा मॅडमनी तासाआधी अर्धा तास वापरायला दिलाय. अट एक, जुळवायचा मीच. जोडीच्या तारा सा ला, पहिली मंद्र पंचमाला, शेवटची खर्जाला, खुंटीने ढोबळ आणि खालच्या मण्यांनी बारीक. माझा अर्धा तास जुळवण्यातच जातो. हरकत नाही, तो पण रियाजच निघाला.

९ ऑक्टोबर

बंदिश सुरू झाली, भूप, तीनताल मध्यलय. हाताने ताल धरून गायचं. स्वर सांभाळला की टाळी चुकते, टाळी सांभाळली की शब्द जातात. नवव्या मात्रेला खाली, तिथे हात उलटा, तिथे मी दर वेळी टाळी वाजवतो. तबलेवाले काका म्हणतात समेवर मान हलली नाही तर गाणं झालंच नाही. या विषयावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे अजून काही नाही.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे आकडे एकत्र केले.

पेटीबरोबर गायलेल्या गंधाराची सरासरी ४०१. तंबोऱ्याबरोबर ३८९. सुरुवातीला तंबोऱ्याबरोबरचा पण ३९८ होता, मिरजेनंतर खाली आला. म्हणजे कानाला जे दिलं त्याच्या मागे गळा जातो, दोन्हीकडे तितकाच आज्ञाधारक. हलणं वीस सेंटवरून बाराच्या आसपास आलंय. सा शोधायचा वेळ अर्ध्या सेकंदावरून पाव सेकंदाच्या आत. अवरोहातला शेवटचा सा अजून दहा सेंट खाली, त्यात फरक पडत नाहीये, थकलेल्या दिवशी जास्तच. तार सा अजून फुटतो, कधीकधी.

धैवताचा निकाल लागत नाही. तंबोऱ्यात ध तसा सरळ ऐकू येत नाही, त्याला टेकायला काही नाही, त्यामुळे माझा ध ८८० ते ९१० मध्ये कुठेही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या तो गंधाराला विचार, सा ला नको. ग धरून मग ध, ग धरून मग ध, असं म्हणत राहायचं. त्याच म्हणाल्या की हेच पाच स्वर घेऊन देशकार होतो, तिथे धैवत वादी आणि त्याचा थाटच (रागांचा गट) वेगळा, सकाळचा राग, पण तुला इतक्यात नको. मी शोधून ऐकलाच. रात्री अकराला. स्वर तेच आहेत हे खरं, पण सगळं वजन वरच्या अर्ध्यात.

१० नोव्हेंबर

परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षक बाई होत्या. आरोह-अवरोह, पलटे, बंदिश, तीनतालाचा ठेका हातावर, मग नोंदवही चाळली. आलेखांकडे फार बघितलं नाही, मिरजेची नोंद मात्र वाचली. मग म्हणाल्या, तंबोरा बंद करा आणि स्थायी दोनदा म्हणा. म्हटली. म्हणाल्या सा धरून ठेवा, आणि तंबोरा परत छेडला. माझा सा खाली होता, स्पष्ट, मला स्वतःला ऐकू आला, आणि त्यांनी काही बोलायच्या आत मी तो वर घेतला. "कळलं ना? चला, पुढचा." मार्क अजून लागले नाहीत.

सरांनी विचारलेलं एकच, एरर बार कुठे आहेत. होते, दुसऱ्या पानावर.

पुढच्या सेमिस्टरला हा कोर्स नाही, क्रेडिट संपले. मॅडमच्या घरी शनिवारी क्लास असतो तिथे जाणार आहे, एप्रिलच्या सत्राला गांधर्व मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची असं त्यांनीच ठरवलंय. पुढे यमन येणार, त्यात तीव्र मध्यम (चढा म), आणि त्यासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावून बघू म्हणाल्या. तीव्र म तंबोऱ्यात कुठे ऐकायचा हे विचारलं तर म्हणाल्या, "ये शनिवारी." एक्सेलची फाईल तशीच ठेवलीय, फक्त त्यात दोन कॉलम वाढवले, म आणि नि. रूमपार्टनरशी बोलणी चालू आहेत, तो साडेसातवर आलाय, मला साडेसहा पाहिजेत.